अलोहा सॉफ्टवेअर, चार वर्षं वापरून: फुकट आहे, कामाचं आहे, पण रंगीत चित्र बघून लगेच सही करू नका

नाव ऐकून हवाई बेटांची टूर वाटेल पण तसं काही नाही. अलोहा म्हणजे गॅस लीक झाला तर तो हवेत कुठवर आणि किती जाईल ते सांगणारं अमेरिकन सरकारी सॉफ्टवेअर, तिकडच्या नोआ (समुद्र-हवामान) आणि ईपीए (पर्यावरण) या दोन खात्यांनी मिळून बनवलेलं, कॅमिओ नावाच्या संचातला एक भाग. पैसे शून्य. लायसन्स नाही, डोंगल नाही, सेल्सवाल्याचा फोन नाही. आमच्या लाईनमधले दोघं-तिघं बरेच दिवस विचारत होते की घ्यावं का, रिपोर्टला चालतं का, म्हणून एकदा सगळं लिहूनच टाकतो.

मी रायगडातल्या एका एमआयडीसीत सेफ्टीला आहे. कंपनीचं नाव विचारू नका. आमच्याकडे क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे आडवे सिलिंडर येतात, ९०० किलोचे, शेडमध्ये एका वेळी दहा. दहा का, तर नऊ टन होतात आणि १९८९ च्या एमएसआयएचसी, म्हणजे घातक रसायनांच्या नियमातली क्लोरीनची खालची मर्यादा १० टन आहे, आता हा योगायोग आहे का ते तुम्हीच ठरवा. तरी ऑनसाइट इमर्जन्सी प्लॅन लागतोच, आणि मी जॉइन झालो तेव्हा तो एका कन्सल्टंटने करून दिलेला होता, स्पायरल बाइंडिंग, रंगीत प्रिंट, मध्ये गुगल मॅपवर चिकटवलेला, गॅस कुठवर जाईल ते दाखवणारा लाल-केशरी-पिवळा फराटा. झकास दिसत होता. गावाच्या अलीकडे बरोब्बर थांबलेला.

मग मी तेच सॉफ्टवेअर स्वतः उतरवून घेतलं आणि तेच आकडे टाकले, तर माझ्या स्क्रीनवर फराट्याच्या दोन्ही बाजूंना तुटक रेषा पण आल्या, आणि त्या रेषांमध्ये गावाची अर्धी वाडी येत होती. रिपोर्टमध्ये त्या रेषा नव्हत्या. क्रॉप केलेल्या. त्या रेषा म्हणजे काय, तर वारा कधी एकाच दिशेने सरळ वाहत नाही, थोडा इकडे-तिकडे फिरतो, तर शंभरातल्या पंच्याण्णव वेळा ढग या रेषांच्या आतच राहील असं सॉफ्टवेअरचं म्हणणं. म्हणजे खरं चित्र ते, रंगीत फराटा हा फक्त आत्ता या क्षणी वारा अगदी याच दिशेने असेल तर. कन्सल्टंटला विचारलं तर म्हणाला, सर त्या रेषांनी मॅनेजमेंट कन्फ्यूज होतं. ह्या एका गोष्टीसाठी मी अलोहाच्या बाजूने आहे, ते बिचारं आपल्याला काय माहीत नाही ते स्क्रीनवरच काढून दाखवतं, लपवतात ते प्रिंट काढणारे.

आता दिसायला कसं आहे, तर विंडोज ९५ च्या काळातलं. खरंच. करड्या खिडक्या, एकामागून एक डबे, आयकॉन असे की बघून कॉलेजची लॅब आठवते. लेटेस्ट म्हणजे ५.४.७, आणि ते सुद्धा २०१६ चं. नवीन मॅकवाल्यांनी नाद सोडा, विंडोजवर मात्र कुठल्याही जुन्या डबड्यावर पळतं, आमच्या गेटवरच्या कॉम्प्युटरवर पण टाकलंय. जागेच्या यादीत सगळी अमेरिकेची शहरं, आपली जागा स्वतः भरायची, अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासून उंची, देश. एकदाच करायचंय पण नीट करा, कारण सूर्य किती वर आहे हे ते त्यावरूनच काढतं, आणि सूर्यावरून हवा किती ढवळलेली आहे ते.

पहिली मोठी चूक जिथे सगळे करतात ती वाऱ्याची. अलोहा विचारतं वारा कुठून येतोय, आणि आपण विंडसॉककडे (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) बघून टाकतो कुठे चाललाय. मी पण केलंय. पहिल्या मॉक ड्रिलच्या आधी घाईत नैर्ऋत्य ऐवजी ईशान्य टाकलं आणि ढग सरळ समुद्राकडे, सगळे खूश, मॅनेजरसाहेब म्हणाले बघा आपलं लोकेशनच चांगलं आहे. दोन दिवसांनी लक्षात आलं. त्यानंतर आता मी टेक्स्ट समरी, म्हणजे भरलेल्या सगळ्या आकड्यांचा लेखी गोषवारा काढून त्यातलं वाऱ्याचं वाक्य मोठ्याने वाचतो आणि मगच पुढे जातो, वाटल्यास हसा. आणि वारा किती उंचीवर मोजलाय ते पण विचारतं, तीन मीटर की दहा, तिथे पण अंदाजपंचे करू नका, आमचा मीटर ऑफिसच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या आडोशाला होता, त्याचं रीडिंग म्हणजे टाकीमागचा वारा.

दुसरं म्हणजे स्टेबिलिटी क्लास, हवा किती ढवळलेली आहे त्याची प्रतवारी. ए पासून एफ पर्यंत. ए म्हणजे भर उन्हातली खवळलेली हवा, गॅस वर खाली मिसळून पातळ होतो. एफ म्हणजे आभाळ मोकळं, रात्र, वारा मंद, हवा गपगार, जमिनीलगतची थंड आणि वरची गरम, म्हणजे झाकण ठेवल्यासारखं. आमच्या रिपोर्टमध्ये फक्त डी होतं, वारा तीन मीटर प्रति सेकंद, दुपार. का? तर ऑडिटची वेळ दुपारची असते म्हणून असेल. मी तोच टनर, तेच भोक, तोच व्हॉल्व्ह ठेवून फक्त वेळ रात्री दोनची केली आणि वारा दीड मीटर, एफ. दुपारच्या चित्रात पिवळा पट्टा गावाच्या अलीकडे थांबत होता, रात्रीच्या चित्रात गाव, शाळा, हायवे सगळं गिळून पार. रंगांचं डिफॉल्ट क्लोरीनला असं येतं की लाल म्हणजे २० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत वीस भाग), केशरी २, पिवळा ०.५, ह्या तिकडच्या एईजीएल नावाच्या एका तासाच्या मर्यादा, लाल म्हणजे जीव जाऊ शकतो, केशरी म्हणजे कायमचं नुकसान किंवा पळता न येणं, पिवळा म्हणजे डोळे-घसा चुरचुरणं. भोपाळ लक्षात घ्या, १९८४, डिसेंबरातली रात्र, थंडी, मंद वारा, चाळीसेक टन मिक (मिथाइल आयसोसायनेट) आणि लोक झोपेत. तसल्या रात्रीचं चित्र ज्या रिपोर्टमध्ये नाही तो रिपोर्ट परत पाठवा.

आणि इथेच अलोहाचं पहिलं तंगडं मोडतं. दहा मीटर उंचीवर सेकंदाला एक मीटरपेक्षा कमी वारा ते घेतच नाही, चक्क नकार देतं. आता कोकणातली जानेवारीची पहाट ज्याने बघितलीय त्याला माहितीये, वारा शून्य, धुकं नदीवर पडून असतं. म्हणजे जी सगळ्यात वाईट वेळ तीच त्याच्या हद्दीबाहेर. नकार देतं हे बरं म्हणा, खोटं चित्र तरी काढत नाही.

आता ज्या स्क्रीनसाठी मी हे सॉफ्टवेअर नव्या पोरांना मुद्दाम दाखवतो ती म्हणजे टाकीची. आडवा सिलिंडर निवडायचा, व्यास आणि लांबी टाकायची, आत लिक्विड आहे, मास ९०० किलो, मग भोक किती मोठं, साधं भोक आहे की व्हॉल्व्ह-पाइप, आणि शेवटी एक चित्र येतं टाकीचं, त्यात भोक तळापासून किती उंचीवर आहे ते ठरवायचं. ते भोक वर नेलं की लिक्विडच्या पातळीच्या वर जातं आणि फक्त गॅस बाहेर पडतो, खाली आणलं की लिक्विड. दोन्ही वेळेला सोर्स स्ट्रेंथचा, म्हणजे किती वेगाने बाहेर पडतंय त्याचा ग्राफ काढून बघा. वरच्या भोकातून बारीक धार, ती पण टनर आतून गार होत जातो तसं प्रेशर पडून कमी कमी होत जाते. खालच्या भोकातून बदाबदा. तिशीच्या तापमानाला टनरच्या आत आठेक बार प्रेशर असतं आणि क्लोरीन उकळतं उणे ३४ ला, त्यामुळे लिक्विड बाहेर आलं की पाचवा हिस्सा तिथल्या तिथे गॅस होतो आणि बाकीचे बारीक थेंब त्याच्याबरोबरच धुक्यासारखे उडतात, अलोहा तर धरूनच चालतं की काहीच खाली पडणार नाही सगळंच हवेत जाणार.

तर हे मी दाखवत होतो आणि आमचे जुने ऑपरेटर मागे उभे, सगळे त्यांना दादाच म्हणतात, रिटायरमेंटला दोन वर्षं. ते म्हणाले, साहेब हे तर टनर फिरवणं झालं. बरोबर! टनरला दोन व्हॉल्व्ह असतात, ठेवताना एकावर एक उभ्या रेषेत ठेवायचे, वरच्यातून गॅस, खालच्यातून लिक्विड. खालच्या व्हॉल्व्हची ग्लँड गळायला लागली तर आधी टनर फिरवून तो व्हॉल्व्ह वर आणायचा, मग व्हॉल्व्हवर बसवायचं हूड आणि बी किट, म्हणजे टनरची गळती बंद करायची अवजारं. दादांनी हे वीस वर्षांपूर्वी हाताने केलंय, अमोनियाचा बोळा फिरवून पांढरा धूर कुठे येतो ते बघत बघत. त्यांना ग्राफची गरज नव्हती. पण नव्या पोरांना पुस्तकात वाचून पाठ झालेलं असतं फक्त, आणि ग्राफमध्ये ती उभी उडी बघितली की चेहरे बदलतात. ट्रेनिंगला याच्यासारखं दुसरं नाही. आणि हो, गळक्या टनरवर पाणी मारायचं नाही, हे सॉफ्टवेअर सांगणार नाही, मी सांगतोय.

शेजारच्या प्लॅंटमध्ये अमोनिया आहे, रेफ्रिजरेशनचा. तिथल्या मित्राचं ठाम मत की अमोनिया हवेपेक्षा हलका, सरळ वर जातो, आम्हाला कशाला हवंय हे. त्याला बसवून करून दाखवलं. मॉडेल निवडायचं काम अलोहावर सोडलं तर प्रेशरखालच्या लिक्विड अमोनियाला ते हेवी गॅस निवडतं. त्याला पटेना. अरे बाबा, हलका आहे तो गरम झाल्यावर, बाहेर पडतो तेव्हा उणे तेहतीसला गार, बारीक थेंबांनी भरलेला, आजूबाजूची हवा पण गार करून सोबत घेतो, तो जड ढग जमिनीवरून सरपटत जातो आणि बऱ्याच वेळाने वर उठतो. अमेरिकेत १९८३ मध्ये नेवाडाच्या वाळवंटात टनावारी अमोनिया मुद्दाम सोडून हे तपासलं होतं, डेझर्ट टॉर्टॉइज नावाने, आणि ढग अंगावर चालून आल्यासारखा जमिनीलगतच गेला. मित्राने दुसऱ्या दिवशी असेंब्ली पॉइंटचा, म्हणजे गळती झाली की सगळ्यांनी जमायच्या जागेचा बोर्ड हलवला, माझ्यापेक्षा फास्ट निघाला.

बरं आता तक्रारी.

सगळ्यात मोठी, डोंगर. अलोहाला डोंगर माहीतच नाही. जमीन कशी आहे याला तीनच पर्याय, मोकळं रान, शहर-जंगल, नाहीतर पाणी. म्हणजे खडबडीतपणा कळतो, उंचसखल कळत नाही, त्याच्यासाठी सगळं जग पाटासारखं सपाट. आमच्या तीन बाजूंना डोंगर आणि मधून ओढा नदीला जातो. दादांनी पहिल्याच दिवशी स्क्रीनवर बोट ठेवून विचारलं होतं, साहेब ह्यात आपला डोंगर कुठाय. उत्तर नव्हतं माझ्याकडे.

मग थंडीत एका रात्री सेकंड शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेर सिक्युरिटीवाल्यांच्या शेकोटीजवळ उभा होतो, साडेबारा झाले असतील, आणि धूर बघतोय तर वर जायलाच तयार नाही, गुडघाभर उंचीवर पसरलाय आणि हळूहळू घरंगळत चाललाय, कुठे तर ओढ्यात. विंडसॉक लोंबकळलेला, मीटरवर शून्य, आणि धूर मात्र वाट माहीत असल्यासारखा ओढ्याओढ्याने खाली वस्तीकडे. दिवसा समुद्राचा वारा त्याला उलटा, डोंगराकडे ढकलतो. डोंगरावरची हवा रात्री गार होऊन जड होते आणि पाण्यासारखी उतारावरून खाली येते, क्लोरीन तर हवेच्या अडीच पट जड. ही गोष्ट कुठल्याही डब्यात भरता येत नाही. अमेरिकेत ग्रॅनिटव्हिलला ६ जानेवारी २००५ च्या पहाटे मालगाडी ठोकली आणि एका टँकरमधून पन्नास-साठ टन क्लोरीन बाहेर आलं, नऊ माणसं गेली, तिथे पण ढग सखल भागात उतरून बसला होता. गंमत म्हणजे मॉडेलांनी त्या अपघातात दाखवलेलं नुकसान प्रत्यक्षापेक्षा बरंच जास्त होतं, क्लोरीन माती-झाडंझुडपं खातात वगैरे कारणं निघाली, आणि मग त्यांनी युटाच्या वाळवंटात डगवेला जॅक रॅबिट नावाने पुन्हा चाचण्या घेतल्या, २०१५ ला कंटेनर मांडून खोटं गाव उभं केलं आणि २०१६ ला एकेका वेळी दहा-वीस टन क्लोरीन मोकळं सोडलं. त्यांच्याकडे वाळवंट आहे बाबा. आपल्याकडे शेकोटी.

दुसरी तक्रार, जवळचं ते सांगत नाही. पन्नास मीटरच्या आतला झोन आला तर चित्रच काढत नाही, म्हणतं एवढ्या जवळ ढग ठिगळाठिगळांचा असतो, भरवसा नाही. शास्त्र म्हणून कबूल, पण शेडमध्ये उभा माणूस पाच मीटरवर असतो, त्याच्यासाठी एससीबीए (पाठीवरच्या हवेच्या सिलिंडरचा मास्क) आणि पळायची वाट हेच मॉडेल. लांबचं पण दहा किलोमीटरच्या पुढे नाही, वेळ एक तासाच्या पुढे नाही. आग लागून निघणारा धूर, दोन केमिकलची रिअॅक्शन, मिक्स सॉल्व्हंट, पावडर, यातलं काही विचारू नका. तुमच्याकडे रिअॅक्टरचा रनअवे, म्हणजे आतली रिअॅक्शन हाताबाहेर जाणं हाच मुख्य धोका असेल तर हे तुमच्यासाठी नाहीच.

तिसरी, घरं. एखाद्या ठिकाणी क्लिक करून तिथे बाहेर किती आणि घरात किती पीपीएम होईल असा ग्राफ मिळतो, बाहेरची रेष लाल, आतली निळी तुटक, फार उपयोगी, कारण त्यावरून ठरतं की लोकांना पळवायचं की दारं-खिडक्या लावून आत बसवायचं. पण डिफॉल्टची घरं अमेरिकन, बंद बंद. आपल्या वाडीत मंगलोरी कौलं, भिंत आणि छपरामध्ये वीतभर फट, त्यातून हवा नुसती वाहते. तिथे एकमजली इमारत हा पर्याय निवडला की निळी रेष छान खाली राहते आणि तुम्ही निवांत लिहून टाकता की घरातच थांबा. तासाला हवा किती वेळा बदलते तो आकडा हाताने टाकायची सोय आहे, तो वाढवून बघा, निळी रेष लालला चिकटायला किती वेळ लागतो ते. मी बघितलं आणि वाडीसाठीची सूचना बदलायला घेतली.

पैसे देऊन घ्यायची पण आहेत, डीएनव्हीचं फास्ट आहे, गेक्सकॉनचं इफेक्ट्स आहे, जेटचा जोर, उंचावरची गळती, थेंब खाली पडणं हे ते नीट बघतात, मोठ्या रिफायनरीवाल्यांनी तेच घ्यावं. डोंगरदऱ्यांचं खरं उत्तर हवं तर सीएफडी, म्हणजे हवेचा प्रवाह कॉम्प्युटरवर बारकाईने सोडवणं, त्याला माणूस वेगळा, मशीन वेगळं आणि महिने वेगळे. आमच्यासारख्या दहा टनरवाल्याला ते म्हणजे डासाला तोफ. अलोहा दहा मिनिटांत चित्र देतं, केएमएल नावाची नकाशाची फाइल काढून गुगल अर्थवर टाकता येतं, सोबतचं मार्प्लॉट हे नकाशाचं सॉफ्टवेअर पण आहे पण मला गुगल अर्थ सोपं पडतं. आणि कॅमिओ केमिकल्स ही त्यांचीच केमिकलची माहितीची साइट आहे, ती तर रोज उघडी असते माझी.

स्टार द्यायचेच तर पाचातले साडेतीन. अर्धा डोंगरासाठी कापला, अर्धा त्या कौलांसाठी, अर्धा त्या करड्या खिडक्यांसाठी, त्यात चुकलेला आकडा मागे जाऊन दुरुस्त करायचा म्हणजे कधी कधी अख्खी टाकी पुन्हा भरावी लागते. कन्सल्टंटकडून रिपोर्ट घेत असाल तर नुसती पीडीएफ घेऊ नका, अलोहाची सेव्ह केलेली फाइल आणि टेक्स्ट समरी मागा, नाही दिली तर तिथेच कळेल काय ते. आणि एक रन रात्रीचा, एक पावसाळ्याचा, एक दुपारचा, तुटक रेषांसकट.

आमच्या प्लॅनमध्ये मी आता एकाऐवजी दोन असेंब्ली पॉइंट टाकलेत, दिवसाचा जुनाच मेन गेटचा, रात्रीचा वरच्या अंगाला, खाणीच्या रस्त्यावर, ओढ्यापासून लांब. त्या गेटला कुलूप असतं म्हणून एक जादा चावी आणि दोन दिवे मागितलेत. जून महिन्यात नोट वर गेलीये, चावी मिळाली, दिव्यांचं कोटेशन अजून परचेसमध्येच पडून आहे.